हाराखालून दोर

मिलचा भोंगा वाजायचा बंद झाला आणि आमच्या नागपूरच्या पाचपावलीत सकाळ कधी झाली ते कळेनासं झालं. बाबा तरीही उठायचे. डबा न घेता मिलच्या फाटकापर्यंत जायचे, फाटकाचं कुलूप बघायचे आणि परत यायचे. परत आले की भिंतीला टेकून बसायचे. आमच्या खोलीत टेकून बसायची जागा एकच होती. एका भिंतीला चूल, दुसरीला पेट्या आणि अंथरुणं, तिसरीला दार. चौथी बाबांची.

माय संत्रा मार्केटात पेट्या भरायला जायची आणि हंगाम संपला की विड्या वळायची. त्यामुळे आमच्या खोलीला वर्षातले काही महिने संत्र्याचा वास यायचा आणि उरलेले महिने तंबाखूचा. दबलेली, डागाळलेली संत्री ती पदरात घालून आणायची आणि आम्ही ती भाकरीसोबत खायचो. आज हे सांगितलं की लोक हसतात, मजा वाटते त्यांना. आठवडाभर भाकर-संत्रं खाऊन बघा, मग सांगा.

मी कॉलेजात होतो. आमच्या घरातलाच काय, गल्लीतला पहिला. एकच पॅन्ट होती, पण ती घालून मी असा चालायचो की बघणाऱ्याला वाटावं, याच्याकडे अजून दोन-तीन असतील.

कॉलेजात छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, दोन तुकड्या होत्या. एक खाकीवाल्यांची, एक पांढऱ्या कपड्यांच्या नेव्हीवाल्यांची. मी नेव्हीत गेलो याचं कारण समुद्र नाही. समुद्र मी तोवर पाहिलेलाच नव्हता. रविवारच्या परेडनंतर समोसे आणि केळं मिळायचं आणि कॅनव्हासचे बूट फुकट मिळायचे, हे कारण. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं,

"नागपुरात जहाज कोठी चालवतेत बे?"

"तेलंगखेडीच्या तलावात."

"तलावात," बाबा म्हणाले आणि पुन्हा भिंतीला टेकले. त्या दिवसांत त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं.

तर त्या तलावावर आम्हाला नाव बांधायला शिकवणारा माणूस होता, त्याच्याबद्दल लिहायचं आहे. त्यांचं नाव आम्ही कुणी कधी घेतलं नाही, आजही घेणार नाही. उस्ताद म्हणायचो. भंडाऱ्याकडच्या एका गावातून पळून जाऊन ते नेव्हीत भरती झालेले. उमेदीची सगळी वर्षं जहाजांवर काढली आणि शेवटी समुद्रापासून जितकं लांब येता येईल तितकं लांब येऊन आमच्यासारख्या पोट्ट्यांना शिकवायला बसले. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. एका बंदरात दोराच्या वेटोळ्यात सापडली होती म्हणे. आम्ही खोदून विचारलं तर म्हणायचे, "बोटं गेली तं गेली. पाय असता तं तुम्हाले शिकवाले कोण आलं असतं?"

त्यांच्यासारखा कायम थकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सायकलवरून उतरतानाच "थकलो बाप्पा" म्हणायचे. नावेतून उतरताना तेच, चहाचा पेला खाली ठेवताना तेच. आणि इतकं थकूनही त्यांच्या तोंडी दुसरं वाक्य असायचं ते म्हणजे "अजून एकडाव." आम्ही नाव काठाला आणायचो, दोर लावायचो, वल्ही आत घ्यायचो. ते धक्क्यावर उकिडवे बसून बघायचे. मान हलवायचे. "थकलो मी. सोडा. अजून एकडाव." ऊन डोक्यावर यायचं, समोसे थंड व्हायचे, हाताला फोड यायचे आणि आम्ही परत तलावाच्या मध्यावर जाऊन परत काठाला यायचो. आयुष्यात नाव चालवणं थोडं आणि नाव काठाला लावणं फार असतं, असं मला तेव्हा वाटायला लागलं होतं.

काठाला लावताना उडी मारायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. नाव काठाजवळ आली की कुणालाही वाटतं, दोर हातात घेऊन पटकन उडी मारावी. नेमकं तेच त्यांना चालायचं नाही. "जमीन कुठं पळून नाई चालली," म्हणायचे. "नाव जमिनीले आन. मंग पाय ठेव. जो उडते तो घाबरलेला राह्यते."

दुसरा नियम, दोराच्या वेटोळ्यात पाय नाही. तिसरा, प्रत्येक दोराला त्याच्या नावानं हाक मारायची. पुढचा तो हेड रोप, मागचा स्टर्न रोप, आणि नावेला मागंपुढं सरकू न देणारा तिरपा तो स्प्रिंग. दोराच्या टोकाला वळून केलेल्या फासाला नेव्हीत 'आय' म्हणतात, ते त्याला डोळा म्हणायचे. धक्क्यावरच्या ज्या बुटक्या लोखंडी खांबाला नाव बांधायची त्याला आम्ही सगळे खुंटा म्हणायचो आणि ते चिडायचे. "खुंटा बैलाले राह्यते. हा बोलार्ड हाये. बोल." आम्ही एका सुरात 'बोलार्ड' म्हणायचो. मग दुसऱ्या रविवारी परत खुंटा.

खरा त्यांचा जीव होता तो चौथ्या नियमात. एका बोलार्डला आधीच कुणाची नाव लागलेली असेल, तर आपल्या दोराचा डोळा तिच्या दोरावर वरून सरळ टाकायचा नाही. वरून टाकला की आधीचा खाली दबला. त्याला जायचं असेल तर आधी तुम्हाला उठवावं लागणार. म्हणून आपला डोळा त्याच्या डोळ्यातून खालून वर काढायचा आणि मग बोलार्डवर चढवायचा. मग कुणीही आधी जावं, दुसऱ्याला धक्का लागत नाही. दिसायला साधी गोष्ट. पण हलत्या नावेतून वाकून, वारा मागं ओढत असताना करून बघा.

"काहून करायचं एवढं?" एकदा कुणीतरी कंटाळून विचारलं. "आपल्या तलावात तं नावाच चार हायेत."

उस्ताद तलावाकडे बघत म्हणाले, "जो आधी आला, त्याले वाटलं पायजे का तो अजून एकटाच हाये. समजलं? नाई समजलं. सोडा दोर. अजून एकडाव."

हा नियम ते फक्त तलावावर पाळत नव्हते. सदरमध्ये एका टपरीवर ते चहाला थांबायचे. तिथं भिंतीला दुसरी सायकल लावलेली असली की आधी तिचा मालक शोधून काढायचे.

"भाऊ, ही तुमची का? बाजूले लावू का माही?"

"लावा नं बाप्पा. मले काहून विचारता? रस्ता काय माह्या बापाचा हाये?"

"रस्ता नाई. पण तुमी आधी आले."

तो माणूस त्यांच्याकडे, मग आमच्याकडे बघायचा. आम्ही दुसरीकडे बघायचो. लग्नाच्या पंगतीत मधून कधी जायचे नाहीत, पार मागून वळसा घालून आपल्या पानावर पोचायचे. तोवर पहिला भात संपलेला असायचा. नेव्हीत शेजारच्या नावेवरून काठावर जायचं असेल तर माणसं बसलेली असतात त्या मधल्या भागातून जात नाहीत, पुढच्या टोकावरून जातात. तो नियम त्यांनी पंगतीला लावलेला.

एकदा ते आमच्या खोलीवर आले होते. माय दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तिला ओलांडून आत यायचा. ती अंग चोरायची, कुणाला काही वाटायचं नाही, तिलाही नाही. उस्ताद बाहेर बूट काढून उभे राहिले.

"येऊ का वैनी? कोणत्या बाजूनं येऊ?"

माय इतकी गडबडली की सूप उचलून उभीच राहिली. पुढं कित्येक वर्षं ती सांगायची, "त्या मानसानं मले इचारलं, कोणत्या बाजूनं येऊ." एवढंच सांगायची. त्यात सांगण्यासारखं काय आहे ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

पण उस्ताद आमच्या खोलीवर आले त्याआधी बाबा त्यांच्याकडे जाऊन आले होते, आणि ते रागावून गेले होते. त्याचं असं झालं.

दरवर्षी मुंबईहून एक अधिकारी येऊन आमची परीक्षा घ्यायचा. पास झालं की नौकानयनाचं प्रमाणपत्र. मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा माझी पहिली परीक्षा झाली. माझी पाळी आली तेव्हा वारा उलटा होता, नाव काठापासून मागं सरकत होती. मी दोर घेऊन उडी मारली आणि झटक्यात बांधून टाकला. परीक्षक खूश. "शाब्बास," म्हणाला. तेवढ्यात उस्ताद पुढं आले. "साहेब, हा पोट्टा उडला." परीक्षकानं त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले, आणि मी नापास.

मी त्यांना गाठलं. "उस्ताद, नाव बांधली ना मी?"

"बांधली."

"मंग?"

"तू पाण्यात पडून नाव अन् धक्क्याच्या मधात चेपला असता, तं कोणं बांधली असती?"

घरी सांगितलं तर बाबा उठले. मिल बंद झाल्यापासून ते फाटक सोडून कुठं गेले नव्हते. त्या दिवशी पाचपावलीहून तेलंगखेडीपर्यंत पायी गेले, मी मागं मागं. आज हा माणूस उस्तादांना काही तरी बोलणार आणि माझं पुढचं वर्षही जाणार, असं मला वाटत होतं.

उस्ताद नीमाखाली जुना दोर उलगडत बसले होते. बाबा समोर जाऊन उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर दोरावर गेली. बाबांनी आयुष्य सूतकताईच्या खात्यात घालवलेलं. ते खाली बसले. दोराचं टोक हातात घेऊन पीळ बघितला.

"हे उजव्या पिळाचं हाये," म्हणाले.

"हो."

"तुमी उलटं गुंडाळून राहिले. म्हणून गाठी पडतेत."

"मी नाई, पोट्ट्यांनी गुंडाळलं," उस्ताद म्हणाले. "मी सोडवून राहिलो."

मग दोघं मिळून सोडवत बसले. शेवटी उस्तादांनीच विषय काढला. वेटोळ्यात पाय, हातात दोर घेऊन उडी, आपली न वाकणारी बोटं, सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. मिलमध्येही यंत्राच्या पट्ट्याच्या आत पाय टाकायचा नाही असा नियम होता, आणि तो न पाळलेल्या एकाचा पाय बाबांच्या शेजारच्याच साच्यावर गेला होता. बाबा उठले, दोराचं भेंडोळं नीट ठेवलं, आणि मला म्हणाले, "बराबर नापास केलं." येताना पूर्ण रस्ता ते माझ्यापुढं चालत होते.

आता त्या बोलार्डबद्दल सांगायला हवं.

तलावात शिंगाडे काढणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती जवळच होती. त्यातली एक म्हातारी धक्क्याजवळ शिंगाडे विकायला बसायची. एका वादळात तिच्या मुलाचा डोंगा त्याच बोलार्डला बांधलेला होता आणि तो वाचला, तेव्हापासून ती बोलार्डला शेंदूर लावायची, हार घालायची. सकाळी फिरायला येणारे रामदासपेठेतले लोकही जाता जाता हात जोडायला लागले. कुणीतरी त्याचं नाव खुंटेश्वर ठेवलं. उस्तादांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

दर रविवारी तमाशा ठरलेला. उस्ताद रॉकेलचं फडकं घेऊन शेंदूर पुसायचे.

"काहून लावून राहिली वं माय? हा नेव्हीचा बोलार्ड हाये. शेंदराच्या तेलानं दोर सरकते."

"नेव्हीचा राहू दे. माह्या पोट्ट्याचा डोंगा यानंच धरला. तवा तुही नेव्ही कोठी होती?"

"दोरानं धरला, माय. खुंट्यानं नाई."

"पाहा, तू बी खुंटाच म्हणतं," म्हातारी म्हणायची, आणि आम्ही वल्ह्यांत तोंड लपवून हसायचो.

शेंदूर पुसला तरी हाराला मात्र ते कधी वेडंवाकडं हात लावायचे नाहीत. दोन्ही हातांनी उचलून नीमाच्या फांदीला अडकवायचे, आणि परेड संपली की परत जिथल्या तिथं. मला ते विचित्र वाटायचं. आमच्या घरी बाबांनी दीक्षा घेतल्यापासून देव नव्हते. दगडाला, खांबाला हात जोडायचा नाही असं लहानपणापासून ऐकलेलं. मी त्यांना विचारलं, "उस्ताद, तुम्ही देव मानता का?"

"मी थकलो," ते म्हणाले. "तो हार तिचा हाये. आपल्या आधीचा हाये."

मी शेवटच्या वर्षाला आलो तोवर आमची परिस्थिती अशी होती की मायच्या डोळ्यांना विड्यांच्या तंबाखूनं पाणी यायचं आणि मिल उघडण्याची गोष्ट फाटकावरचे लोकही करेनासे झाले होते. तेव्हा कळलं की एका नव्या धरणावर बोटी येणार आहेत आणि बोटींच्या देखरेखीला माणूस घेणार आहेत. पदवीधर पाहिजे आणि नौकानयनाचं प्रमाणपत्र पाहिजे. पदवीवाले नागपुरात ढिगानं होते. दोन्ही असलेले बोटांवर मोजण्याइतके. पदवी मला मिळणारच होती, तेवढा माझा माझ्यावर भरवसा होता. उरलं प्रमाणपत्र. कॉलेज सुटलं की छात्रसेना सुटली, म्हणजे ही परीक्षा शेवटची. आदल्या संध्याकाळी बाबांनी माझे कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केले. भिंतीला टेकून, सावकाश, शिवणीतसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी आम्ही नाव घेऊन तलावात गेलो तेव्हा बोलार्ड मोकळा होता. उस्तादांनी पहाटेच पुसून ठेवला होता. मग ते परीक्षकाच्या मागं उभे राहिले. दोर लागेपर्यंत शिकवणाऱ्यानं मध्ये हात घालायचा नाही, असा दंडक. आम्ही पाण्यात असताना म्हातारी आली. एवढे साहेबलोक बघून तिनं झेंडूचा असा जाड हार आणला होता की दुरूनही दिसला. तिनं तो बोलार्डच्या गळ्यात घातला आणि टोपलीजवळ जाऊन बसली.

परीक्षा सोपी होती. एकेकानं नावेच्या पुढच्या टोकावर उभं राहायचं, वल्हेकऱ्यांना हुकूम देत नाव धक्क्याला आणायची आणि हेड रोपचा डोळा बोलार्डवर चढवायचा. परीक्षक हातातल्या घड्याळावर बघत होता. त्याला दुपारच्या गाडीनं परतायचं होतं, हे आम्हाला सकाळपासून सगळ्यांनी सांगून झालं होतं.

पहिला पोट्टा हुशार. त्यानं वल्ह्याच्या टोकानं हार उडवून पाण्यात टाकला आणि दोर लावला. पास. म्हातारीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, लुगडं खोचून पाण्यात उतरली, हार काढून झटकला आणि परत घातला. "आता लावून पाहा कोणी हात!" असं म्हणून ती बोलार्डच्या बाजूलाच ठाण मांडून बसली. दुसऱ्यानं तिला घाबरून हाराला हात लावला नाही, वरून सरळ दोर टाकला. हार खाली चेपला, पाकळ्या धक्क्यावर सांडल्या. तोही पास.

मग मी.

वारा परत उलटाच होता. माझं नशीबच तसं. धक्का जवळ येत होता आणि मला बोलार्ड दिसत होता, त्याच्या गळ्यातला अर्धा चेपलेला हार, बाजूला म्हातारी, आणि पार मागं उस्ताद, खाली बघत. मी खोटं सांगत नाही, देव वगैरे काही मनात नव्हतं. मनात एवढंच आलं की इथं आधीच कुणीतरी लागलेलं आहे.

मी डोळा हातात घेतला आणि वाकलो. हार आणि खांब यांच्यामधून खालून हात घालायला गेलो, तोवर नावेचं टोक वीतभर बाहेर सरकलं. हात हवेत.

"टाक ना बे वरून!" मागून एक वल्हेकरी ओरडला. सकाळपासून वल्ही मारून सगळ्यांचे खांदे गेले होते. "बह्याडा, टाक!"

"उडी मार!" दुसरा.

परीक्षकानं घड्याळ बघितलं. अंतर एका उडीचंच होतं. मला बाबांच्या हातातला खडू दिसला. वरून टाकला असता तर झालं असतं, दोघांचं झालंच होतं. मी दोर आवरून घेतला.

"मागं घ्या," मी म्हणालो. "अजून एकडाव."

नावेत सगळे हसले आणि शिव्याही दिल्या, कारण आवाज हुबेहूब उस्तादांचा निघाला होता. पण वल्ही पडली. या खेपेला मी नाव सरळ वाऱ्यात तोंड घालून आणली, आणि ती धक्क्याला येऊन टेकली, जशी म्हैस गोठ्याला येते. मी वाकलो, डोळा हाराच्या खालून आत घातला, वर काढला, बोलार्डच्या डोक्यावर चढवला. दोर ताणला. हार जिथल्या तिथं.

परीक्षक जवळ आला. कपाळाला आठ्या. "वरून टाकायचं सोडून काय करत होतास? केवढा वेळ घालवलास."

"सर, तिथं आधी कुणीतरी लागलेलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बोलार्डकडे. नेव्हीचा माणूस, त्याला दोर कसा गेलाय ते दिसलं असणारच. तो म्हातारीकडे वळला. "आजी, तुमचा हार काढा बरं."

"काहून काढू? आताच तं घातला. तुह्या पोट्ट्यांनी पाण्यात टाकला, चेपला, आता तू काढ म्हणतं!"

"काढ वं माय," मागून उस्ताद म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. "एकडाव."

म्हातारीनं कुरकुरत हार उचलला. तो दोराच्या बाहेरून अलगद वर निघाला. दोर तसूभर हलला नाही, नाव हलली नाही. "घाला परत," परीक्षक म्हणाला, आणि त्याच्या आठ्या गेल्या होत्या. उस्तादांकडे वळून त्यानं विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाई सर," उस्ताद म्हणाले. "मी दोराचं शिकवलं होतं. हाराचं त्याचं त्यानं पाह्यलं."

मी पास झालो. परीक्षकाची जीप धूळ उडवत गेली. मी वाट बघत होतो की आता उस्ताद पाठीवर थाप मारतील, निदान हसतील. ते धक्क्याच्या टोकावर उकिडवे बसले, गुडघ्यावर हात ठेवून.

"पयल्या खेपेले टोक बाहेर काहून गेलं?"

"वारा होता, उस्ताद."

"वारा दुसऱ्या खेपेले बी होता." त्यांनी डोळे मिटून घेतले. "थकलो बाप्पा. सोड दोर. अजून एकडाव."

पास झाल्यावर परत नाव सोडून परत काठाला लावणारी आमच्याइतकी वैतागलेली टोळी त्या तलावानं पाहिली नसेल. पण लावली.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, आणि वाटेत तिचं काहीतरी भलतंच झालं होतं. बाबा दारातच उभे.

"देवाले हार घातला म्हणते तू?"

"नाही बाबा. हाराखालून दोर घातला."

बाबांनी विचार केला. "हार काढला का मंग?"

"नाही. म्हातारीचा होता."

"हं," बाबा म्हणाले. मग मायला, "पास झाला तो." मायनं संत्रं सोलायला घेतलं. चांगलं होतं, न दबलेलं. तिनं ते कुठून आणलं, मी विचारलं नाही.

पुढं मी धरणावर लागलो. त्यानंतर काही वर्षांनी उस्ताद एकदा तिथं आले. सायकल चौकीच्या भिंतीला लावायच्या आधी चौकीदाराला विचारलं, हे चौकीदारानं मला नंतर चकित होऊन सांगितलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, दम लागत होता. जलाशयाकडे बघून म्हणाले, "केवढं पानी!" मग माझ्याकडे, माझ्या इस्त्रीच्या कपड्यांकडे न बघता थेट धक्क्यावर गेले. दोन बोटी एका बोलार्डला लागल्या होत्या. ते खाली वाकले, वाकणाऱ्या बोटांनी वरचा दोर थोडा उचलला, खालचा कसा आलाय ते बघितलं, परत ठेवला. दुसरा बोलार्ड बघितला. तिसरा. मी मागं उभा होतो, बावीस माणसांवरचा साहेब, परीक्षेला बसल्यासारखा.

"चहा पाज," ते म्हणाले.

एवढंच. 'अजून एकडाव' म्हणाले नाहीत. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आता मीही सेवेतून मोकळा झालो आहे. खांदे दुखतात, जिना चढताना माझ्या तोंडून नकळत 'थकलो बाप्पा' निघतं आणि बायको विचारते, हे कुणाचं उचललं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्यामागून माझी दोन धाकटी भावंडं शिकली. बाबांना मिलच्या फाटकावर पुन्हा जावं लागलं नाही आणि मायनं विड्यांचं सूप मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात शेजारणीला देऊन टाकलं. नागपूरच्या कडेचं बेसा तेव्हा गावच होतं, तिथं मी घर बांधलं. त्याच्या चारही भिंतींना टेकून बसता येतं. आणि त्या धरणाच्या धक्क्यावर, माझ्या सगळ्या चाकरीत, एकाही नावेचा दोर दुसरीच्या दोराखाली दबला नाही.